संवेदना गेली की हात का अडतो?

एक आई तान्ह्या मुलाला पाजत बसली होती. अचानक तिला अर्धांगाचा झटका आला. शरीराच्या एका बाजूची शक्ती गेली आणि दुसऱ्या बाजूची संवेदना गेली. ज्या हातात शक्ती होती त्या हाताने ती मुलाला छातीशी धरू शकत होती. पण मुलाकडे पाहत असेपर्यंतच! आजूबाजूच्या कशाने तिचे लक्ष दुसरीकडे गेले, की तो हात हळूहळू सैल पडे आणि मूल खाली पडण्याची भीती निर्माण होई. शरीररचनाशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी १८३३ साली मानवी हातावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात ही हकीकत आली आहे.

या आईच्या त्या हाताचे स्नायू शाबूत होते. स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या चेताही शाबूत होत्या. गेली होती ती फक्त संवेदना. मग हात सैल का पडावा? आज्ञा देणारा आज्ञा देतो, पाळणारा ती पाळतो. मधे खबर आणणाऱ्याचे काय काम?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला सुमारे दीडशे वर्षे लागली. या वाटेवर एका अतिशय काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष पन्नासहून अधिक वर्षे मान्य राहिला आणि नंतर तो अपुरा ठरला. विज्ञान कसे पुढे जाते हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी ही गोष्ट उपयोगी आहेच. शिवाय ती पक्षाघाताच्या रुग्णांच्या उपचारांपर्यंत येऊन पोचते.

दोन रस्ते की एक वर्तुळ?

आपल्या पाठ्यपुस्तकांत चेतासंस्थेची एक ओळखीची आकृती असते. त्वचेकडून मेरुरज्जूकडे जाणारी संवेदी चेता आणि मेरुरज्जूकडून स्नायूकडे जाणारी प्रेरक चेता. दोन्हींवर विरुद्ध दिशांचे बाण. या आकृतीमागे बेल यांचे आणि पॅरिसमधील फ्रान्स्वा माझांदी यांचे काम आहे. मेरुरज्जूला प्रत्येक चेता दोन मुळांनी जोडलेली असते, एक पुढचे आणि एक मागचे. पुढच्या मुळाचा हालचालीशी संबंध असल्याचे बेल यांनी १८११ साली, मोजक्या मित्रांसाठी छापलेल्या एका पुस्तिकेत लिहिले. माझांदी यांनी १८२२ साली कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दोन्ही मुळांची कामे स्पष्ट केली : मागचे मूळ कापले की संवेदना जाते, पुढचे कापले की हालचाल जाते. शोधाचे श्रेय कोणाचे यावर पुढे बराच वाद झाला. आज हा नियम दोघांच्याही नावाने ओळखला जातो.

पण रस्ते वेगळे आहेत एवढ्यावर बेल थांबले नाहीत. १८२६ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. मेंदूकडून स्नायूकडे एक चेता जाते आणि स्नायूची अवस्था मेंदूला कळवणारी दुसरी चेता परत येते. दोन्ही मिळून एक वर्तुळ पूर्ण होते, असे त्यांचे म्हणणे होते. स्नायू फक्त आज्ञा पाळत नाही, तो आपली खबरही देतो. पुढे १८९४ साली चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवून दिले, की स्नायूकडे जाणाऱ्या चेतेतील सुमारे एक-तृतीयांश ते निम्मे तंतू खबर आणणारे, म्हणजे संवेदी असतात. केवळ ‘हालचालीची’ मानलेली चेतासुद्धा इतकी दुहेरी असते!

आता हे वर्तुळ मेंदूत कोठे पूर्ण होते, हा प्रश्न पुढे आला.

मेंदूचा नकाशा

१८७० साली बर्लिनमध्ये गुस्ताव फ्रिच आणि एडुआर्ड हित्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठरावीक ठिकाणी मंद विद्युतप्रवाह दिला. विरुद्ध बाजूचा पंजा हलला. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींचे नेमके भाग आहेत याचा हा पहिला भक्कम पुरावा होता. गंमत अशी, की पंजाचा तो भाग काढून टाकल्यावर कुत्रा लुळा झाला नाही. तो चालत होता, पण पंजा वेडावाकडा टेकत होता आणि कोणी पंजा विचित्र स्थितीत ठेवला तर तसाच राहू देत होता. हित्झिग यांना वाटले, की कुत्र्याला आपल्या पायाच्या स्थितीची जाणीव राहिलेली नाही.

मग हा भाग आज्ञा देणारा म्हणायचा की जाणीव ठेवणारा? इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियर यांनी माकडांवरील प्रयोगांवरून तो आज्ञा देणारा आहे असे ठामपणे सांगितले. बर्लिनच्या हेर्मान मुंक यांनी त्याला ‘जाणिवेचे क्षेत्र’ म्हटले. लंडनचे चार्लटन बास्टिअन यांनी हालचालीच्या जाणिवेला एक नवे नाव दिले आणि असा आग्रह धरला, की मेंदूत आज्ञेची वेगळी केंद्रे नाहीतच. जाणिवेची केंद्रेच हालचाल घडवून आणतात. वाद जोरात होता. तो सोडवायचा तर संवेदना पूर्ण काढून घेऊन आणि आज्ञेचा मार्ग जसाच्या तसा ठेवून काय होते, ते पाहायला हवे होते.

१८९५ चा प्रयोग

फ्रेडरिक मॉट आणि शेरिंग्टन यांनी नेमके हेच केले. त्यांनी माकडाच्या एका हाताकडून मेरुरज्जूत येणारी सर्व मागची मुळे कापली. पुढची मुळे शाबूत ठेवली. म्हणजे त्या हाताची कोणतीही खबर वर जाणार नव्हती, पण वरून आज्ञा मात्र खाली येऊ शकत होती.

माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. वस्तू पकडणे तर पूर्ण बंद झाले. हात लुळा पडल्यासारखा लोंबकळत राहिला. सर्व मुळे न कापता थोडीशी संवेदना शिल्लक ठेवली, तर हाताचा वापर बराचसा टिकून राही.

आता एक शंका उरत होती. शस्त्रक्रियेत चुकून आज्ञेचा मार्गच बिघडला असेल तर? ती तपासण्यासाठी त्यांनी मेंदूतील हाताच्या प्रेरक भागाला विद्युतप्रवाह दिला. हात चांगला हलला, अगदी दुसऱ्या हातासारखाच. यंत्रणा चालू होती. माकड ती चालवत नव्हते.

यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की ऐच्छिक हालचालीसाठी संवेदना अत्यावश्यक आहे आणि त्वचा व स्नायू यांपासून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंतचा संपूर्ण संवेदी मार्ग प्रत्येक ऐच्छिक हालचालीत भाग घेतो. प्रयोग स्वच्छ होता, शंकेचे निरसनही केलेले होते. पुढे १९३२ साली शेरिंग्टन यांना दुसऱ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अशा माणसाच्या निष्कर्षाला आव्हान द्यायला फारसे कोणी पुढे आले नाही.

रुग्णांनी काय शिकवले?

मधल्या काळात मेंदूचा नकाशा अधिक स्पष्ट झाला. मेंदूच्या पृष्ठभागावर साधारण मध्यावर, वरून खाली उतरणारी एक खाच असते. विद्युतप्रवाह दिल्यावर हालचाल घडवणारा भाग या खाचेच्या पुढे आहे, हे शेरिंग्टन आणि ग्रुनबाउम यांनी १९०१ साली मानवसदृश वानरांवरील प्रयोगांतून दाखवले. १९०९ साली अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांत खाचेच्या मागच्या भागाला प्रवाह दिला. हात हलला नाही. रुग्णांनी त्या बाजूला संवेदना जाणवल्याचे सांगितले. पुढे प्रेरक क्षेत्र, मागे संवेदी क्षेत्र, असा नकाशा ठरला.

हे मागचे संवेदी क्षेत्र बिघडले तर काय होते? लंडनच्या हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स यांनी १९११ साली अशा रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना अनपेक्षित चित्र दिसले. मेंदूच्या पृष्ठभागाला इजा झालेल्या अनेक रुग्णांना सुई टोचलेली कळत होती, गरम-थंड कळत होते. पण डोळे मिटल्यावर बोट वर आहे की खाली हे सांगता येत नव्हते. हातात दिलेल्या वस्तूचा आकार कळत नव्हता, दोन वस्तूंतील जड कोणती ते कळत नव्हते. म्हणजे कच्ची बातमी पोचत होती, पण तिची तुलना आणि जुळणी होत नव्हती.

हेड आणि होम्स यांनी यावरून एक कल्पना मांडली. मेंदू शरीराच्या स्थितीचा एक आराखडा बाळगतो आणि प्रत्येक हालचालीबरोबर तो नव्याने दुरुस्त करतो. पुढची हालचाल या ताज्या आराखड्यावरून मोजली जाते. त्यांनी दिलेले उदाहरण त्या काळाला साजेसे आहे : टोपीत पीस खोवणाऱ्या स्त्रीचा हा आराखडा पिसाच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. आपल्याकडे डोक्यावर पाण्याची घागर घेऊन ठेंगण्या दारातून वाकून जाणाऱ्या बाईचा आराखडा घागरीच्या काठापर्यंत पोचलेला असतो, असे म्हणता येईल.

हा आराखडा शिळा झाला की काय होते, हे डॉक्टरांना तपासणीत दिसते. अशा रुग्णाला हात समोर पसरून डोळे मिटायला सांगितले, की थोड्या वेळात बोटे आपोआप वरखाली भरकटू लागतात. रुग्णाला त्याची कल्पना नसते. डोळे उघडले की बोटे पुन्हा जागेवर येतात. बेल यांच्या त्या आईचीच ही आवृत्ती आहे.

निष्कर्षाला तडा

१९१७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी एक वेगळाच रुग्ण तपासला. बंदुकीच्या गोळीने त्याच्या मेरुरज्जूला इजा झाली होती. त्याचा गुडघा दुसऱ्या कोणी वाकवला तर त्याला कळत नव्हते. तरीही डोळे बांधलेले असताना, सांगितलेल्या अंतराइतका पाय तो जवळपास निरोगी माणसाइतक्या अचूकपणे हलवू शकत होता. संवेदनेशिवाय ऐच्छिक हालचाल अशक्य असेल, तर हे कसे घडले?

हा एकच रुग्ण होता, आणि तोही पायाचा. पण १९५०च्या दशकात प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेत आला. क्नॅप, एडवर्ड टाउब आणि बर्मन यांनी १९५८ साली दाखवले, की संवेदना काढून घेतलेला हातही माकड हलवू शकते, जर विजेचा धक्का टाळण्यासाठी तो हलवणे भाग असेल तर. पुढे आणखी दोन गोष्टी दिसल्या. माकडाचा चांगला हात काही दिवस बांधून ठेवला, की ते दुसरा, संवेदना नसलेला हात वापरू लागे. आणि दोन्ही हातांची संवेदना काढली, तर माकड दोन्ही हात वापरत असे! चालणे, चढणे, वस्तू उचलणे हे सारे ते करत असे. हालचाली ओबडधोबड असत, इतकेच.

एका हाताची संवेदना गेली तर तो हात निकामी, आणि दोन्हींची गेली तर दोन्ही कामाचे. हे कोडे टाउब यांनी असे सोडवले : शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या काळात मेरुरज्जूला धक्का बसलेला असतो. तेव्हा माकड हात वापरायला जाते आणि फसते. अन्न हातातून पडते, तोल जातो. दुसऱ्या हाताने काम भागते. काही महिन्यांनी हात वापरण्याची क्षमता परत येते, पण तोपर्यंत माकड ‘हा हात चालत नाही’ हे शिकून बसलेले असते. ते पुन्हा प्रयत्न करत नाही, म्हणून हात सुधारला आहे हे त्याला कधी कळतच नाही. दोन्ही हात गेले, तर असे शिकून चालत नाही. प्रयत्न करावाच लागतो.

मॉट आणि शेरिंग्टन यांचे निरीक्षण अचूक होते. माकड हात वापरत नव्हते. ‘वापरत नाही’ यावरून ‘वापरू शकत नाही’ असे त्यांनी मानले, आणि इथे निष्कर्ष घसरला. शिक्षकांना हा फरक ओळखीचा वाटेल. वर्गात उत्तर न देणाऱ्या प्रत्येक मुलाला उत्तर येत नसते, असे नाही.

मग संवेदना करते तरी काय?

संवेदनेशिवाय हालचाल होऊ शकते, म्हणून संवेदना बिनमहत्त्वाची, असे समजायचे का? मुळीच नाही. १९८२ साली लंडनमधील रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातापायांच्या संवेदी चेता आजाराने निकामी झालेल्या एका माणसाची तपासणी प्रसिद्ध केली. डोळे मिटूनही तो अंगठा एकेका बोटाला लावू शकत होता, हवेत आकृत्या काढू शकत होता. परंतु रोजच्या जीवनात त्याचे हात जवळपास निरुपयोगी होते. त्याला पेन धरून लिहिता येत नव्हते, शर्टाची बटणे लावता येत नव्हती, एका हातात कप धरता येत नव्हता. नजरेआड ठेवलेल्या स्नायूचा ताण तो एक-दोन सेकंदांपलीकडे एकसारखा टिकवू शकत नव्हता. आपली जुनी मोटार तो चालवू शकत होता. नवी घेतल्यावर ती चालवायला काही केल्या शिकू शकला नाही.

बेल यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. आज्ञा तयार करायला आणि पाठवायला संवेदना लागतेच असे नाही. पण पाठवलेली आज्ञा टिकवायला, ती समोरच्या वस्तूनुसार बदलायला आणि नवी हालचाल शिकायला संवेदना लागते. आईचा हात सैल पडला, कारण मुलाचे वजन हातावर आहे आणि पकड ढिली होत आहे ही बातमी मेंदूला मिळत नव्हती. डोळे ती बातमी पुरवत होते. डोळे वळले, की बातमी बंद.

स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ साली हे मोजून दाखवले. वस्तू चिमटीत उचलताना आपण ती निसटू नये म्हणून जेवढा दाब लागतो त्यापेक्षा थोडाच जास्त दाब देतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर दाब आपोआप वाढतो. बोटांच्या टोकांना भूल दिली, की पृष्ठभागानुसार दाब बदलण्याचे हे कौशल्य नाहीसे होते.

आणि मेंदूतील संवेदी क्षेत्र? १९८५ साली हिकोसाका आणि इतर जपानी संशोधकांनी माकडाच्या संवेदी क्षेत्रातील बोटांच्या भागात अगदी थोडे औषध टोचून तेथील पेशी तात्पुरत्या शांत केल्या. बोटे लुळी पडली नाहीत. पण लहान खाऊ चिमटीने उचलताना बोटांचा आपसातील मेळ बिघडला. शक्ती होती, कौशल्य गेले. खरे तर ‘संवेदी’ हे नावही पूर्ण बरोबर नाही. या भागातून प्रेरक क्षेत्राकडे तंतू जातात. एवढेच नव्हे, तर मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या तंतूंपैकी काही इथूनच निघतात.

ज्ञानाची किंमत आणि उपयोग

या इतिहासाचे एक पान अस्वस्थ करणारे आहे. १९८१ साली अमेरिकेतील सिल्व्हर स्प्रिंग येथील टाउब यांच्या प्रयोगशाळेतून पोलिसांनी १७ माकडे ताब्यात घेतली. त्यांच्या निगेविषयी गंभीर तक्रारी होत्या. खटला झाला, प्रथम शिक्षा झाली. राज्याचा कायदा केंद्राच्या निधीवरील संशोधनाला लागू होत नाही, या मुद्द्यावर १९८३ साली वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. पण प्रकरण तेवढ्यावर संपले नाही. १९८५ साली तेथील प्राणिकल्याणाचा कायदा अधिक कडक करण्यात आला, त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता. वर सांगितलेले बहुतेक ज्ञान प्राण्यांच्या यातनांतून आले आहे, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

त्यांतील काही माकडांच्या मेंदूंची १९९१ साली प्रसिद्ध झालेली तपासणी आश्चर्यकारक ठरली. संवेदना काढून घेतल्याला सुमारे बारा वर्षे झाली होती. मेंदूतील हाताचा भाग रिकामा पडून राहिला नव्हता. चेहऱ्याला स्पर्श केला की तो भाग प्रतिसाद देत होता. प्रौढ मेंदूचा नकाशाही बदलतो, हे यातून दिसले.

उपयोगाची बाजूही तितकीच खरी आहे. पक्षाघातानंतर माणूसही कमजोर हात ‘चालत नाही’ असे शिकून बसत असेल, तर ते त्याला विसरायला लावता येईल का? चांगल्या हातावर हातमोजा चढवून कमजोर हाताकडून दिवसभर काम करून घेण्याची पद्धत टाउब आणि सहकाऱ्यांनी विकसित केली. २००६ साली अमेरिकेतील २२२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने उलटलेल्या या रुग्णांपैकी ज्यांना दोन आठवडे हा उपचार दिला, त्यांच्या हातात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली आणि ती वर्षभर टिकली. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी हलत असतील अशाच रुग्णांसाठी हा उपचार आहे. पूर्ण लुळ्या हातासाठी तो नाही, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नये.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याला डोळे मिटायला सांगा. दुसऱ्याने त्याचे बोट दोन्ही कडांनी धरून किंचित वर किंवा खाली हलवावे. दिशा जवळजवळ नेहमी बरोबर ओळखली जाईल. ही संवेदना पाच ज्ञानेंद्रियांच्या यादीत का नाही, यावर चर्चा घ्या. नंतर जाड हातमोजे घालून शर्टाची बटणे लावायला सांगा आणि लागणारा वेळ घड्याळावर मोजा. हातमोजा संवेदना बोथट करतो, नाहीशी करत नाही. तरीही बोटे किती अडखळतात ते दिसेल. आणि फळ्यावर चेतासंस्थेची आकृती काढताना ते दोन बाण सुटे ठेवू नका. स्नायूपासून परत मेंदूकडे येणारी रेषा काढून वर्तुळ पूर्ण करा.

आपल्या ओळखीत कोणाला पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेलेला असतो. ताकद बरी झालेली असते, तरी हातातून कप निसटतो, आणि घरचे म्हणतात, “मनावर घेत नाहीत, जरा नीट धरा ना!” अशा वेळी डॉक्टरांनी संवेदनेची तपासणी केली आहे का, हे विचारावे. संवेदना गेली असेल, तर “नीट धरा” यापेक्षा “कपाकडे पाहत धरा” हे सांगणे जास्त उपयोगाचे आहे. बेल यांच्या पुस्तकातील त्या आईला ते कोणी न शिकवताच उमगले होते.